माउसवरचं बोट

मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. १९९८ साली सुरू केलं तेव्हा लोक दारात चपला काढून आत यायचे, एवढा त्या यंत्राचा मान. आता मशीन बाइकवर दोघांच्या मध्ये बसवून आणतात आणि काउंटरवर धाडकन ठेवतात. गेल्या अंकात मी व्हायरसवर चार ओळींची चौकट लिहिली होती, तिच्यावर पत्रांचा ढीग आला. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही. ज्यांत अनेकांना आपलंच घर दिसेल अशी काही निवडली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. परवा नेटवर शब्दकोडं सोडवत असताना अचानक पूर्ण पडदा निळा झाला, भोंगा वाजायला लागला आणि इंग्रजीत ‘तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, या नंबरवर ताबडतोब फोन करा’ असं बाईचा आवाज सांगू लागला. मी घाबरून भिंतीवरचं बटण बंद केलं. तेव्हापासून आठ दिवस मशीन सुरूच केलेलं नाही. काय करू? (वाई)

बाई, आज संध्याकाळी सुरू करा. काहीही झालेलं नाही.

तुम्ही पाहिलात तो व्हायरस नव्हता, ते एक साधं वेबपान होतं. कोड्याच्या शेजारी जी जाहिरात होती तिच्यातून ते उघडलं आणि त्याने पडदा पूर्ण व्यापला. सिनेमा पाहताना पडदा पूर्ण होतो ना, तसंच. भोंगा म्हणजे पानात ठेवलेलं रेकॉर्डिंग. लॉक वगैरे काही नसतं. पुन्हा असं झालं तर एस्केपचं बटण दोन-तीन सेकंद दाबून धरा, पडदा लहान होईल, मग ऑल्ट आणि एफ-४. तेही नाही चाललं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ब्राउझरचं नाव निवडून ‘एंड टास्क’ करा. नंतर ब्राउझर उघडल्यावर तो ‘मघाची पानं परत उघडू का’ असं विचारेल, त्याला नाही म्हणा. एवढंच.

फोन केला असता तर काय झालं असतं ते मात्र सांगते, कारण माझ्याकडे येणाऱ्यांनी तो केलेला असतो. पलीकडचा माणूस फार नम्र बोलतो. आधी एक प्रोग्रॅम उतरवायला लावतो, म्हणजे तुमचा पडदा त्याला तिकडे दिसतो. मग तो ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडतो. ही विंडोजची रोजनिशी. कुठलं काम अडलं, कुठली सेवा उशिरा सुरू झाली, याच्या नोंदी त्यात पडत असतात, आणि त्यांच्यापुढे लाल नि पिवळ्या खुणा असतात. माझ्या दुकानातल्या ठणठणीत मशीनवर काल सहज मोजायला घेतल्या, शंभरानंतर सोडून दिलं. तो माणूस त्या लाल खुणा दाखवतो आणि म्हणतो, ‘हे बघा मॅडम, हे सगळे व्हायरस.’ मग सफाईचे पैसे, मग कार्डाचा नंबर, मग ओटीपी. कुठलीही खरी कंपनी पडद्यावर फोन नंबर लावून भोंगा वाजवत नाही.

तुम्ही बटण बंद केलंत ते काही चुकलं नाही. रोज तसं बंद करू नका, हार्ड डिस्कला ते मानवत नाही.

एक गोष्ट तपासा. क्रोम वापरत असाल तर सेटिंग्जमध्ये साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे अनोळखी साइट्सची नावं दिसली तर काढून टाका. ‘मी रोबो नाही हे सिद्ध करायला अलाऊ दाबा’ असं सांगून ही नावं आत शिरतात आणि मग दिवसभर पडद्याच्या कोपऱ्यात ‘अँटिव्हायरस संपला’ अशा चिठ्ठ्या टाकत बसतात.

प्रश्न : हे पत्र नाही. आमच्या गल्लीतले सतारीचे कारागीर काउंटरवर येऊन म्हणाले, ‘ताई, पेन ड्राइव्हमधली सगळी फोल्डरं गेली. नुसते बाण राहिलेत.’

हात लाखेने माखलेले, आणि पेन ड्राइव्ह खिशातल्या रुमालात बांधून आणलेला. त्यात चार वर्षांच्या ऑर्डरी होत्या. कुणाला किती तारांची, भोपळा केवढा, कोरीव काम कसलं, सगळं. आदल्या दिवशी कुरिअरची पावती छापायला ते झेरॉक्सच्या दुकानात गेले होते.

मी लावून पाहिला. ‘ऑर्डर’, ‘फोटो’, ‘बिलं’ अशी त्यांची फोल्डरं दिसत होती, पण प्रत्येकाच्या कोपऱ्यात छोटा वाकडा बाण आणि वजन जेमतेम एक-दोन केबी. म्हणजे ती फोल्डरं नव्हेत, शॉर्टकट, म्हणजे दुसऱ्या कशाकडे तरी बोट दाखवणाऱ्या नुसत्या खुणा. खरी फोल्डरं तिथेच होती, लपवलेली. ह्या व्हायरसची चलाखी अशी की त्या बाणावर डबल क्लिक केलं तर तो आधी स्वतःला तुमच्या कॉम्प्युटरमध्ये बसवतो आणि मग तुमचं खरं फोल्डर उघडूनही देतो. माणसाला वाटतं, चाललंय की व्यवस्थित. पुढचा जो पेन ड्राइव्ह त्या मशीनला लागेल त्याचेही बाण होतात.

फाइल एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘हिडन आयटम्स’ चालू करा. तेवढ्याने बऱ्याचदा दिसत नाहीत, कारण व्हायरस त्यांच्यावर ‘सिस्टिमची फाइल’ असाही शिक्का मारतो. म्हणून ‘ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’ची खूण काढा. विंडोज दटावेल, हो म्हणा. आता फिकट रंगात खरी फोल्डरं दिसतील. ती कॉपी करून घ्या, बाण पुसा, पेन ड्राइव्ह फॉरमॅट करा आणि खूण परत लावा. पण त्याआधी घरचं मशीन तपासा, नाहीतर साफ केलेला पेन ड्राइव्ह तिथेच पुन्हा बाटेल. कारागिरांच्या ऑर्डरी मिळाल्या. त्यांनी पैसे विचारले तेव्हा मी घेतले नाहीत, त्याला एक कारण आहे.

२००९ साली मी घरोघरी जाऊन दुरुस्ती करायची. माझ्या पर्समध्ये एक पेन ड्राइव्ह असायचा, त्यात ड्रायव्हर, अँटिव्हायरस, सगळी अवजारं. त्या काळी ‘न्यू फोल्डर’ नावाचा एक प्रकार जोरात होता. दिसायला पिवळं फोल्डर, प्रत्यक्षात प्रोग्रॅम. एका मंगळवारी मी पाच घरं केली. बुधवारी सकाळपासून फोन. ‘ताई, तुम्ही येऊन गेल्यापासून प्रत्येक फोल्डरमध्ये त्याच नावाचं अजून एक फोल्डर दिसतंय.’ पाचही घरांतून. पहिल्या घरी माझा पेन ड्राइव्ह बाधला होता आणि पुढच्या चार घरी मीच तो वाटत फिरले. डॉक्टरने एकच सुई सगळ्यांना टोचावी तसं. पाचही मशीन्स फुकट साफ करून दिली आणि त्या आठवड्यात लिहिण्याला कुलूप असलेला पेन ड्राइव्ह मागवला. त्याला बाजूला बारीक बटण असतं, ते सरकवलं की आतलं वाचता येतं, आत काही लिहिता येत नाही. आजही तोच प्रकार वापरते.

त्या वेळी नुसता पेन ड्राइव्ह लावला तरी विंडोज त्यातला प्रोग्रॅम आपणहून चालवायचा प्रयत्न करायचं. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजमध्येही ती सोय अपडेट देऊन बंद केली. म्हणून व्हायरसवाल्यांना बाणांची युक्ती काढावी लागली. पूर्वी तो स्वतः चालत यायचा, आता त्याला तुमचं बोट लागतं.

छपाईला जाताना त्या एकाच फाइलचा वेगळा पेन ड्राइव्ह न्या, नाहीतर दुकानदाराला पीडीएफ मेल करा.

प्रश्न : माझा लग्नपत्रिका आणि अहवाल छापण्याचा डीटीपीचा व्यवसाय आहे. सोमवारी मशीन सुरू केलं तर प्रत्येक फाइलच्या नावाला चार अक्षरांची विचित्र शेपटी लागलेली. एकही फाइल उघडत नाही. प्रत्येक फोल्डरमध्ये ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी आहे, ९८० डॉलर मागतात, ७२ तासांत संपर्क केला तर ४९० डॉलर. पैसे भरावेत का? (चिपळूण)

दादा, भरू नका. आणि कुणाच्या सल्ल्याने घाईने फॉरमॅटही मारू नका.

चार अक्षरी शेपटी, रीडमीची चिठ्ठी आणि हे दोन आकडे, एवढ्यावरून ओळख पटते. ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ म्हणतात ते खंडणीखोर व्हायरसांचं कुटुंब, फाइल्सना कुलूप लावून पैसे मागणारं. हा मोठ्या कंपन्यांच्या मागे लागत नाही, तुमच्या-माझ्यासारख्यांनाच धरतो. आणि तो येतो कुठून, हे तुम्ही पत्रात लिहिलं नाहीत तरी मला ठाऊक आहे. शनिवारी किंवा रविवारी तुम्ही डिझाइनच्या एखाद्या महागड्या सॉफ्टवेअरचं ‘क्रॅक’, म्हणजे पैसे न भरता ते चालवायची चोरवाट, उतरवलंत. त्याच्या सूचनेत पहिली ओळ होती, ‘अँटिव्हायरस बंद करा, तो उगाच अडवतो.’ तुम्ही बंद केलात. रागावत नाही. छोट्या गावात महिन्याला हजारोंचं भाडं देऊन सॉफ्टवेअर वापरणं कुणाला परवडतं ते मी रोज बघते. पण चोराने सांगावं ‘कुत्रा बांधून ठेवा, उगाच भुंकतो’ आणि आपण बांधावा, तसं झालं हे.

आता काय करायचं. आधी नेटची वायर काढा. मोबाइलवरून, त्या मशीनवरून नव्हे, तुमच्या मेलचा, बँकेचा, सगळ्यांचा पासवर्ड बदला. कारण या पाहुण्याबरोबर बऱ्याचदा ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड पळवणारा दुसरा भुरटा आत येतो. फाइल्सची वाट लागलेली दिसते म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं, आणि महिन्याभराने मेल कुणी तिसराच वापरत असतो.

मग बिघडलेल्या सगळ्या फाइल्स आणि ती रीडमी एका वेगळ्या डिस्कवर जशाच्या तशा उतरवून ठेवा. रीडमीत तळाला तुमचा एक लांबलचक ओळख क्रमांक असेल. त्याचा शेवट ‘टी १’ने होतो का बघा. होत असेल तर थोडी आशा आहे. हा व्हायरस एरवी आपल्या सर्व्हरकडून प्रत्येकासाठी वेगळी किल्ली आणतो, पण त्या वेळी सर्व्हरशी बोलणं झालं नाही तर स्वतःजवळची ठरावीक किल्ली वापरतो. ती किल्ली अनेकांना समान असते आणि त्यांतल्या काही अभ्यासकांच्या हाती लागल्या आहेत. एम्सिसॉफ्ट कंपनीने त्यासाठी कुलूप काढणारा मोफत प्रोग्रॅम काढला. डच पोलीस आणि युरोपोल यांनी २०१६ मध्ये खाजगी कंपन्यांबरोबर ‘नो मोअर रॅन्सम’ नावाचा उपक्रम सुरू केला, त्याच्या साइटवर अशी अवजारं फुकट मिळतात. यूट्यूबवर ‘आम्ही काढून देतो’ म्हणणाऱ्यांकडे जाऊ नका.

शेवट ‘टी १’ नसला तरी अजून थोडं हाती लागेल. हा प्राणी घाईत असतो. प्रत्येक फाइलचा फक्त सुरुवातीचा साधारण १५० केबी भाग तो कुलूपबंद करतो आणि पुढच्या फाइलकडे पळतो. एखाद्या लग्नाचा ५०० एमबीचा व्हिडिओ असेल तर त्याचं तोंड गेलेलं असतं, धड शाबूत असतं. तसे व्हिडिओ दुरुस्त होतात. अनेक फाइल्स कोंबलेली मोठी झिप असेल तर तिच्यातली पहिली एक-दोन जातात, बाकीच्या निघतात. तुमच्या पत्रिकेच्या फाइल्स मात्र लहान असणार, त्यांचं कठीण आहे.

पण पत्रिका तुम्ही गिऱ्हाइकाला दाखवायला पाठवल्या असतील ना? मेलचं ‘सेंट’ उघडा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रुफं बघा. माझ्याकडे आलेल्या एका डीटीपीवाल्याची निम्मी कामं अशी परत मिळाली, आणि दहा वर्षांपूर्वीचा एका सोसायटीचा अहवाल त्यांच्या सेक्रेटरीच्या मेलमध्ये सापडला.

१९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर तक्रार नोंदवा. तुमच्या फाइल्स त्याने परत येणार नाहीत, पण नोंद राहू द्या.

पुढच्यासाठी एकच सांगते. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क घ्या. एका शनिवारी एकीवर कामं उतरवायची, पुढच्या शनिवारी दुसरीवर, आणि उतरवून झालं की वायर काढून कपाटात. वायर काढायचीच. कायम जोडलेल्या डिस्कलाही शेपट्या लागतात, हे मी रडणाऱ्या माणसांच्या समोर बसून पाहिलं आहे. विंडोज सिक्युरिटीत ‘रॅन्समवेअर प्रोटेक्शन’खाली ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ असतो, तो आपल्याला चालू करावा लागतो. तो केला की अनोळखी प्रोग्रॅमला तुमच्या कागदपत्रांना हात लावता येत नाही. सुरुवातीचे काही दिवस तो तुमच्या स्वतःच्या डीटीपी सॉफ्टवेअरलाही अडवेल. वैतागून बंद करू नका, त्या सॉफ्टवेअरला परवानगी द्या.

प्रश्न : विकतचा अँटिव्हायरस घ्यायलाच हवा का? एकाला दोन टाकले तर जास्त चांगलं का? (बेळगाव)

घरच्या वापराला विंडोजबरोबर येणारा डिफेंडर पुरतो, फक्त तो चालू आणि ताजा हवा. विकतचा घेतलात तर डिफेंडर आपण होऊन बाजूला होतो. दोन विकतचे एकत्र टाकू नका. दोघे एकमेकांवरच संशय घेतात आणि मशीन गोगलगाय होतं.

आपल्याकडे विकतच्या अँटिव्हायरसबद्दल आपुलकी आहे, त्याला कारण आहे. क्विक हील पुण्यात वाढली. तिचे कैलास काटकर मूळचे साताऱ्याकडच्या रहिमतपूरचे, सुरुवात कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून. अँटिव्हायरस लिहिला त्यांच्या धाकट्या भावाने, संजय काटकरांनी. आम्हा दुरुस्तीवाल्यांना ही गोष्ट पाठ असते. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या मशीन्समध्ये विकतचा अँटिव्हायरस असतो, मुदत दोन वर्षांपूर्वी संपलेली. असा पहारेकरी नसलेला बरा, कारण घरचे त्याच्या भरवशावर असतात.

प्रश्न : माझं मशीन २०१४ चं, विंडोज १०. अपडेट आता येणार नाहीत म्हणतात. मी फक्त बँकेचं पाहतो आणि पत्ते खेळतो. मला काय फरक पडतो? (नागपूर)

पत्त्यांना पडत नाही, बँकेला पडतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवले आहेत. विंडोज अपडेटच्या पानावर नावनोंदणीचा दुवा दिसतो, मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन करून सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे लागत नाहीत. तुमचं मशीन विंडोज ११ च्या अटींत बसणार नाही. जबरदस्तीने बसवून देणारे आहेत, मी देत नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली बसवा, त्यात ब्राउझरही आहे आणि पत्तेही.

वर मी म्हटलं की व्हायरसला तुमचं बोट लागतं. अपडेट नसलेल्या मशीनला ते लागत नाही. १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला तो कुणी काही न दाबता, एका मशीनमधून दुसऱ्यात. ज्या भोकातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलेलं होतं. पुढे जूनमध्ये त्याच भोकाचा उपयोग करणाऱ्या दुसऱ्या एकाने न्हावाशेव्याच्या बंदरातल्या एका टर्मिनलचं काम थांबवलं. ‘अपडेट आत्ता नको, उद्या’ हे बटण आपण सगळेच दाबतो. मीही दाबते.

प्रश्न : मी न्यू जर्सीत, आई-बाबा कोथरूडला. बाबा सत्तरीचे, दिसेल त्यावर क्लिक करतात. दर रविवारी मी इथून त्यांचं मशीन साफ करतो. कायमचा उपाय आहे का? (न्यू जर्सी)

मशीनपुरता बऱ्यापैकी आहे. बाबांचं रोजचं खातं ‘स्टँडर्ड’ करा. ‘ॲडमिनिस्ट्रेटर’ वेगळं, त्याचा पासवर्ड तुमच्याकडे. मग काहीही बसवायचं झालं की मशीन पासवर्ड मागेल आणि बाबांचा फोन तुम्हाला येईल. ब्राउझरमध्ये जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन टाका, क्रोममध्ये आता त्याचं ‘लाइट’ रूपच चालतं. माझ्या अनुभवात ज्येष्ठांच्या मशीनवर अँटिव्हायरसपेक्षा त्याचाच जास्त उपयोग होतो, कारण ‘डाउनलोड’ लिहिलेली खोटी हिरवी बटणंच दिसेनाशी होतात. फाइलच्या नावाचं शेपूट दिसेल असं करून ठेवा. विंडोज ते लपवतं, म्हणून ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ हे नुसतं ‘बिल डॉट पीडीएफ’ दिसतं. रविवारच्या कामाला विंडोजचं क्विक असिस्ट वापरा, त्याने त्यांच्या परवानगीने दुरून मशीन चालवता येतं. कायमचा पासवर्ड ठेवून दुसरं काही उघडं टाकू नका.

आणि एक आगाऊपणा करते. त्यांच्यावर ओरडू नका. माझ्याकडे एक आजोबा आले होते, पैसे जाऊन तीन आठवडे झाले होते. १९३० ला पहिल्या काही तासांत फोन केला तर पैसे वाटेतच थांबवता येण्याची शक्यता असते. मी विचारलं, लगेच का नाही केलात? म्हणाले, ‘मुलगा चिडला असता.’ मुलगा परदेशात होता.

प्रश्न : मी सहावीत आहे. आजोबा म्हणतात, कॉम्प्युटरवर कापड झाकलं की व्हायरस लागत नाही. मी म्हणतो लागतो. शंभर रुपयांची पैज लागली आहे. (सोलापूर)

पैज तू जिंकलास. व्हायरस कापडाला विचारत नाही. पण आजोबांकडून पन्नासच घे, कारण सोलापुरात धूळ आहे आणि कापडाने ती अडते. फक्त सुरू करायच्या आधी ते काढायचं, मागच्या बाजूचंही. गेल्या पावसाळ्यात एक सीपीयू आला, दहा मिनिटांत बंद पडायचा. घरच्यांची खात्री होती की व्हायरस आहे. उघडला तर मागच्या पंख्याने टर्किशच्या टॉवेलची सुतं आत ओढून घेतली होती, पार गुंडाळी होऊन पंखा जाम. आणि सुतांच्या उबेत पालीची तीन अंडी, पांढरी, वाटाण्याएवढी. ती मी हलक्या हाताने काढून मागच्या परसात ठेवली.